गेटवेकाकांची हजेरी

शांती नगरमधल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकतीस घरांत इंटरनेट होतं, आणि एका रविवारी सकाळी ते सगळं मी एकट्याने बंद पाडलं. मुद्दाम नाही. मुद्दाम काही करण्याइतकं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

झालं असं, की आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. बायकोच्या मावसभावाने तो पुसून पुन्हा भरून दिला, आणि त्यात इंटरनेटची सगळी सेटिंग्ज गेली. ती भरायला, आम्हा सगळ्यांना नेट देणाऱ्या तळमजल्यावरच्या काकांना बोलवायचं, असा आमच्याकडे नियम होता. पण मी ऑफिसच्या आवक-जावक विभागात वीस वर्षं काढलेला माणूस. दिवसाला शेदोनशे पाकिटांवर पत्ते घालतो. मला तीन ओळी भरता येऊ नयेत? काकांनी पूर्वी दिलेली चिठ्ठी देवघराच्या ड्रॉवरमध्ये होती. ती काढली. नेटवर्क कनेक्शन उघडलं, प्रॉपर्टीज उघडल्या, इंटरनेट प्रोटोकॉल नावाच्या ओळीवर दोनदा टिचकी मारली, आणि वर लिहायचं ते खाली, खालचं वर लिहून मोकळा झालो. मधली ओळ बरोबर बसली, कारण ती मधली होती.

म्हणजे माझा नंबर एकोणीस, तो मी गेटवेच्या खणात घातला. आणि गेटवेचा, म्हणजे काकांच्या मशीनचा, नंबर एक, तो स्वतःला घेतला. काकांचं मशीन रविवारी त्यांची आंघोळ-पूजा होईपर्यंत बंद असायचं. नऊ वाजता त्यांनी ते सुरू केलं, तर त्याच्या जागी आधीच कोणीतरी बसलेलं. इकडे माझ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी टक्कर झाल्याची सूचना आली. मी तिला ओके केलं. साहेबांच्या टिपणीवर ‘पाहिले’ लिहून सही करतो, तसं.

पाऊण तासाने जिन्यावर पावलं वाजली, आणि त्यांच्याबरोबर पुटपुटणं. ‘नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा...’ वायरीतल्या तारांचे रंग होते ते, टोकाला ज्या क्रमाने बसवायचे त्या क्रमाने. काका जिना चढताना ते म्हणत. बायकोने दार उघडलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी पडद्यामागे जाऊ का असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

काका दारातच उभे राहिले. म्हणाले, “प्रत्येक विंगच्या गच्चीवर जाऊन डब्यातली एकेक वायर उपटली. तुमची उपटली आणि जग सुरू झालं. एकोणीस, मला कारण सांगा.”

मी कारण सांगितलं. ते माझ्या खुर्चीत बसले, दोन मिनिटांत सगळं नीट केलं आणि उठताना म्हणाले, “आठ दिवस बंद.”

“काका, चुकून झालं.”

“चुकूनचेच आठ. मुद्दामचा महिना.”

हे काका टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंजच्या टेस्ट रूममध्ये तीस वर्षं, दुसऱ्यांच्या बिघडलेल्या लायनी ऐकत. त्यांची बायको लवकर गेली, मुलगी सासरी बडोद्याला. लवकर निवृत्ती घेऊन तळमजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये एकटे राहत. ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा त्यांनी एक मोठं कनेक्शन घेतलं आणि गच्च्यांवरून निळ्या वायरी ओढून ते घराघरात दिलं. प्रत्येक विंगच्या गच्चीवर तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून ठेवलेला, आणि त्याच्या पोटात लुकलुकणाऱ्या दिव्यांची पेटी. शर्टाच्या खिशात, जिथे इतरांचं पेन असतं, तिथे त्यांची वायरीची टोकं दाबायची पक्कड. पोरं त्यांना गेटवेकाका म्हणत, कारण प्रत्येक वाक्यात तो शब्द असायचाच.

आम्हाला त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं, तेही पुन्हा पुन्हा. “आधी कार्ड. म्हणजे दार. मग प्रोटोकॉल. म्हणजे दारातून बोलायची भाषा. मग पत्ता. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे आपलं कॉम्प्लेक्स, शेवटचा आकडा म्हणजे तुमचं घर. मास्क म्हणजे कंपाउंडची भिंत. आतलं कोण, बाहेरचं कोण, एवढंच ती सांगते. आणि बाहेर जायचं तर गेटवेतून. म्हणजे माझ्यासमोरून.”

कॉम्प्युटरला पत्ता आपोआप मिळण्याचीही सोय असते, हे पोरांनी त्यांना एकदा सांगितलं. काकांना ते माहीत होतं. त्यांना ते मान्य नव्हतं. “ती धर्मशाळा. जो येईल त्याने रिकामी खोली घ्यावी, सकाळी उठून जावं. उद्या कोणी विचारलं, काल सात नंबरमध्ये कोण होतं, तर काय सांगणार?” त्यावेळी आम्ही हसलो होतो. असं कोण कशाला विचारील.

आकडे भरून झाले की ते मोठ्याने वाचायला लावत. “वाचा. मोठ्याने.” एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब. टिंब गाळलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाई, ज्यांना कॉम्प्युटर आणि टीव्ही यांतला फरक शेवटपर्यंत पटला नाही, त्यांनाही ऐकून ऐकून आमचा पत्ता पाठ झाला होता.

आणि नंबराने हाक. घराला नंबर दिला की माणसाचं नाव संपलं. जिन्यात, भाजीच्या गाडीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे. “काय बारा, दवाखाना बंद आज?” “सातबेन, मुलीचा फोटो आला का?” माझ्या बायकोला ते ‘एकोणीसवहिनी’ म्हणत. ती म्हणायची, ऐकणाऱ्याला वाटेल ह्यांच्या अठरा आधी होऊन गेल्या. या सवयीमुळे कॉम्प्लेक्समध्ये कोणाचा नंबर काय, ते प्रत्येकाला माहीत होतं. आणि पुढे जे झालं, ते त्यामुळेच झालं.

आणखी एक सवय होती. रोज संध्याकाळी सात ते आठ ते हजेरी घेत. मशीनसमोर बसून, त्या तासात जे जे नंबर चालू दिसतील ते लांब वहीत पेनाने उतरवायचे. पुढे चार अक्षरं लिहायची, इंग्रजी आणि आकडे मिसळून. ही प्रत्येक कार्डाची जन्मखूण. कारखान्यातूनच कोरून आलेला मोठा क्रमांक असतो, त्याची शेवटची चार अक्षरं. “पत्ता मी देतो. खूण तो घेऊन आलेला असतो,” असं ते म्हणत. हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, “एक्स्चेंजमध्ये लिहायचो.” तेवढंच उत्तर.

तर माझा एकोणीस नंबर बंद झाला तो रविवारी. मंगळवारी संध्याकाळी बायकोने विषय काढला. तिची धाकटी बहीण वैशाली, जेसल पार्कला राहणारी, तिच्यासाठी पुण्याचं एक स्थळ आलं होतं. फोटो आणि माहिती ईमेलने पाठवा, आज रात्री घरात सगळे एकत्र बसतायत, असं मुलाच्या आईने फोनवर सांगितलेलं.

“सायबर कॅफेत जातो,” मी म्हणालो.

“वैशालीचा फोटो तिथल्या मशीनमध्ये ठेवून येणार? नको.”

“मग काकांना विचारतो.”

“विचारा. ते आठाचे सोळा करतील.”

खरं होतं. मग तीच म्हणाली, “मुकादमांचा नंबर घाला ना. ते तर गावाला गेलेत. पाच मिनिटांचं काम.”

मुकादम म्हणजे आमच्या शेजारच्या विंगमधले. मूळ दापोलीकडचे, बंदरात नोकरीला. त्यांचा मुलगा इम्तियाज इंजिनिअरिंगला होता, आमच्या पोरीला गणित सांगायला यायचा. भाच्याच्या लग्नाला सगळे गावी गेले होते. नंबर तेवीस. काकांनी तो जिन्यातून इतक्यांदा ओरडलेला, की विसरणं शक्य नव्हतं.

मी प्रॉपर्टीज उघडल्या. एकोणीस खोडून तेवीस लिहिलं. या वेळी वरचं वर आणि खालचं खाली. सात वाजून वीस मिनिटांनी वैशालीचा फोटो पुण्याला गेला. मी पुन्हा एकोणीस केलं, आणि आपण काहीतरी हुशारी केली असं वाटून रात्री भात जरा जास्त खाल्ला.

गुरुवारी संध्याकाळी काकांकडे गेलो. चार दिवस झाले होते, शिक्षा कमी होते का ते बघायला. दार उघडं. आत सोसायटीचे सेक्रेटरी उभे, आणि खुर्च्यांवर दोन साध्या कपड्यांतली माणसं. एकाच्या मांडीवर हजेरीची वही. काका त्यांच्या मशीनशेजारी उभे होते. हात मागे बांधलेले.

सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले. “पोलीसवाले हैं. यहाँ से कोई गंदा मेल गया है. धमकी का. एका मोठ्या ऑफिसला उडवायची.”

ती वर्षंच तशी होती. बेवारस पिशवी दिसली तर माणसं रस्ता बदलत. मीही घाबरलो, पण इतर घाबरतात तसाच, साधा. माझी स्वतःची भीती अजून यायची होती.

“मंगळवारी संध्याकाळी सात ते आठच्या मध्ये,” मोठे साहेब म्हणाले. “इंटरनेट कंपनीने या कनेक्शनचं नाव दिलंय. आता काका, तुमच्या वहीत त्या वेळी फक्त तीन नंबर आहेत. लोक काय, टीव्ही बघत होते?”

“सिरीयल असते सातला,” काका म्हणाले.

“सात नंबर?”

“त्या बाई मुलीशी बोलतात. अमेरिकेत असते. रोज बोलतात.”

“बारा?”

“दातांचे डॉक्टर. घरी होते, त्यांच्याकडे पाहुणे होते.”

“आणि तेवीस?”

मी दाराची चौकट धरली.

काका काही बोलायच्या आत सेक्रेटरी म्हणाले, “तेवीस मुकादम. वो लोग तो गाव गया है. घर को ताला है.”

“बंद घरातून कॉम्प्युटर चालू झाला?”

“लडका है उनका. इंजिनिअरिंग करता है, कम्प्युटरवाला.” सेक्रेटरी हे सहज बोलले. वाईट माणूस नव्हता तो. पण ते बोलल्यावर दोघा पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ते बघणं मला आजही आठवतं. धाकट्याने डायरी काढली. “पूर्ण नाव काय मुलाचं?”

सेक्रेटरींनी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

“तो खरंच गावाला गेलाय, की आईबापाला सोडून इथेच आहे?” साहेब म्हणाले. “शनिवार दुपारपर्यंत त्याला आमच्यासमोर हजर करा. नाही आला, तर आम्ही दापोलीला माणसं पाठवतो. लग्नघरातून उचलून आणू.”

मग त्यांची नजर माझ्यावर आली. “तुम्ही कोण?”

“एकोणीस,” मी म्हणालो.

“काय?”

“त्यांचं बंद आहे,” काका म्हणाले. “रविवारपासून.”

साहेबांनी मान हलवली. माझ्यातला त्यांचा रस संपला. मी घरी कसा आलो ते आठवत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला, आणि बराच वेळ पुन्हा पेटवला नाही.

ती रात्र आणि पुढचा शुक्रवार. ऑफिसात मी सोलापूरचं पाकीट कोल्हापूरला पाठवलं. कोणी साधं ‘अहो’ म्हटलं तरी दचकायचो. एकीकडे स्वतःला सांगत होतो, की इम्तियाजने काही केलेलं नाही, तर त्याला काय होणार? निर्दोष माणसाला भ्यायचं कारण नसतं. मग लक्षात यायचं, की निर्दोष तर मीही आहे. मग मी का जात नाही सांगायला? कारण मला माहीत होतं काय होतं ते. खोलीत नेऊन विचारतात. ऑफिसला कळतं. पेपरात नाव येतं. पोरीच्या शाळेत. पुण्याच्या स्थळाला. आणि धमकीचा मेल मी पाठवलेला नाही, हे मी सिद्ध कसं करणार? चोरून दुसऱ्याचा नंबर घेतलेला माणूस. माझ्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

बायको म्हणाली, “सोमवारपर्यंत सापडेल कोणीतरी खरा.”

“शनिवारची मुदत आहे.”

“हो,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो. आवाज बंद होता, ते उशिरा लक्षात आलं.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. या वेळी रंगांचं पुटपुटणं नव्हतं. नुसती पावलं.

काका आत आले. बगलेत वही. “एकोणीस, मशीन लावा.”

“माझं बंद आहे ना, काका.”

“नेट बंद आहे. मशीन बंद नाही. लावा.”

मी लावलं. त्यांनी काळी खिडकी उघडायला सांगितली, मशीनचं नाव-गाव दाखवणारी आज्ञा टाईप करायला सांगितली. माझी बोटं चुकत होती. तिसऱ्यांदा बरोबर आली. पडद्यावर ओळी उमटल्या.

“फिजिकल ॲड्रेस लिहिलंय, ती ओळ. शेवटची चार. वाचा. मोठ्याने.”

“एफ,” मी वाचलं. “तीन. नऊ. ए.”

काकांनी वही कीबोर्डवर उघडून ठेवली. मंगळवारचं पान. तेवीस, आणि त्यापुढे त्यांच्या टोकदार अक्षरात: एफ, तीन, नऊ, ए. मग त्यांनी मागची पानं उलटली. तिथे प्रत्येक तेवीसपुढे दुसरी चार अक्षरं होती. प्रत्येक एकोणीसपुढे माझी.

“लिहिताना लक्षात आलं नाही,” ते म्हणाले. “लिहिलं आणि आमटीला फोडणी द्यायला उठलो. ती माणसं गेल्यावर वाचलं.”

“काल रात्रीपासून तुम्हाला माहीत आहे?”

“हो.”

“मग आज दिवसभर...”

“तुमची वाट बघितली,” काका म्हणाले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. “फोटो पाठवायचा होता हो, काका. वैशालीचा. मीच म्हटलं यांना.”

काकांनी मान हलवली. ते रागावतील म्हणून मी तयार होतो. ते रागावले नाहीत, आणि त्याने मी जास्त घाबरलो. ते म्हणाले, “मी एकटा हे पान घेऊन जाऊ शकतो. पण त्यांना ही चार अक्षरं दाखवली, तर ते म्हणतील म्हातारा कोणाला तरी वाचवतोय, नाहीतर कोणावर तरी ढकलतोय. तुम्ही आलात तर पानाला अर्थ आहे.”

“आणि मलाच आत टाकलं तर?”

“मलाही टाकतील. एक कनेक्शन एकतीस घरांत वाटतोय. कंपनीचा माणूस तोंडी हो म्हणाला होता. कागद नाही माझ्याकडे.” त्यांनी वही मिटायचा प्रयत्न केला. घाईत पान दुमडलं. बायकोने पुढे होऊन ते सरळ केलं आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली. “नऊ वाजता रिक्षा बोलावतो,” काका म्हणाले.

शनिवारी रिक्षात माझ्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा होता आणि काकांच्या मांडीवर वही. मी तीनदा म्हणालो की मला बरं वाटत नाहीये. काका म्हणाले, “मलाही.” 

पोलीस स्टेशनात तेच साहेब होते, आणि तो धाकटाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रविवार, आठ दिवस, मंगळवार, वैशाली. सांगताना मला माझाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. साहेब शांतपणे ऐकत होते. 

“म्हणजे मंगळवारी तेवीस तुम्ही.”

“हो.”

“आणि तो मेल?”

“मी फक्त फोटो पाठवला, साहेब.”

“तसं सगळेच म्हणतात. बसा.” त्यांनी मला खुर्ची दिली, आणि एका हवालदाराला माझा डबा तिथल्या मॉनिटरला जोडायला सांगितलं. जोडताना एक पिन उलटी घातली जात होती. काकांना राहवलं नाही. “अशी नाही, अशी,” म्हणत त्यांनी स्वतः जोडली. तेही पोलीस स्टेशनात.

पाठवलेल्या पत्रांची पेटी उघडली. मंगळवार, सात वीस, एकच पत्र. साहेबांनी ते वाचायला घेतलं, तेही मोठ्याने. “वैशाली. वर्ण गोरा. उंची पाच फूट तीन इंच. स्वभाव मनमिळाऊ. शिवण, रांगोळी आणि संगणकाची आवड.” त्यांनी फोटो उघडला. माझ्या मेहुणीचा पूर्णाकृती फोटो, निळी पैठणी, शेजारी तिच्या मैत्रिणीच्या लग्नाची समई. हवालदार वाकून बघत म्हणाला, “साहेब, पाच तीन वाटत नाहीत.”

“पाच एक आहे,” मी म्हणालो. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

आधी साहेब हसले. मग हवालदार, मग पलीकडच्या टेबलावरचा. मीही हसलो. घाम पुसत, रडू येईल असा. साहेब म्हणाले, “जा घरी. डबा दोन दिवस इथे राहील. पुन्हा दुसऱ्याचा नंबर घेऊ नका.”

मी उठलो. काका उठले नाहीत.

“साहेब, त्या दिवशी डायरीत मुलाचं नाव लिहिलंय. ते खोडा.”

“बघू नंतर.”

“आता खोडा. मी बसतो.”

हसणं थांबलं. मी काकांच्या बाहीला धरलं. ते हलले नाहीत. नुसते बसून होते. एखाद्या घरात चार आकडे चुकले की बसत, तसेच. शेवटी साहेबांनी धाकट्याकडे बघितलं. त्याने डायरी काढली, रेघ मारली.

“काय लिहिलंय आता?” काका म्हणाले. “वाचा. मोठ्याने.”

आता आपण दोघंही आत जाणार, असं मला वाटलं. धाकट्याने साहेबांकडे बघितलं. साहेब काकांकडे बघत म्हणाले, “वाच रे.”

त्याने वाचलं. “तेवीस नंबर. वापरणारा इसम दुसरा. मुकादम यांचा संबंध नाही.”

“लिहिलंय की नुसतं म्हणताय?”

त्याने लिहिलं.

चार दिवसांनी कंपनीचा फोन आला. त्यांच्याकडूनच गफलत झाली होती. आमच्या कॉम्प्लेक्सला वरून मिळणारा पत्ता आपोआप बदलणारा होता, आणि त्या मंगळवारी त्या वेळी तो दुसऱ्याच कोणाकडे होता. म्हणजे आमच्यापैकी कोणीच नव्हतं. काकांनी फोन ठेवला आणि एवढंच म्हणाले, “धर्मशाळा.” हजेरी त्यांनी चालू ठेवली, पण नंबराने हाक मारणं त्या आठवड्यात बंद झालं ते कायमचं. जिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा आडनावाने हाक मारली तेव्हा मी घाबरून मागे वळून बघितलं, हा कोण म्हणून. पुढे मोठ्या कंपन्यांच्या वायरी आल्या, घराघरात वेगळं कनेक्शन झालं. तेलाचे डबे गच्चीवर गंजले आणि काका बडोद्याला मुलीकडे गेले.

पण ते सगळं पुढचं. मुकादम गावाहून आले त्या रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. न सांगता राहणं बरं नव्हतं. मुकादमभाभींनी फणस कापलेला होता. मी गोष्ट सांगितली, आणि मला मान्य आहे, की चांगली रंगवून सांगितली. गेटवेच्या खणात एकोणीस. पाच फूट तीन. “साहेब, पाच तीन वाटत नाहीत.” मुकादम डोळे पुसून पुसून हसले. “काय वो तुम्ही, आमच्या नावावर मुलगी दाखवलात,” म्हणाले.

इम्तियाज हसला नाही. फणसाचा गरा हातात तसाच धरून त्याने मला विचारलं, “काका, माझं नाव लिहून घेतलं होतं त्यांनी?”

“घेतलं होतं. पण खोडलं. गेटवेकाकांनी खोडायला लावलं.”

“पूर्ण नाव?”

“हो.”

त्याने मान हलवली. “बरं,” म्हणाला, आणि आमच्या पोरीची गणिताची परीक्षा कधी आहे ते विचारलं.

निघालो. खाली अंगणात आल्यावर मी बायकोला म्हणालो, “बरं झालं, सगळं सांगून टाकलं.”

ती थांबली. म्हणाली, “सगळं कुठे? गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला कळलं होतं, आणि शुक्रवारी काका जिना चढून येईपर्यंत आपण दोघं टीव्ही बघत बसलो होतो. तेवढं सोडून सगळं सांगितलंत. चला, परत वर जाऊ. मी सांगते.”